धुऱ्यावरची कुंता

कुंताबाई गेली तेव्हा कापलेल्या धानाचं पुंजणं अजून बांधीतच उभं होतं. पुसाचा महिना, थंडी मी म्हणत होती. सकाळी तिनं चुलीवर पाणी ठेवलं, डोकं दुखतं म्हणून शेजारणीजवळ कुरकुरली, भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागीच गेली. सुखराम त्या दिवशी शेजारच्या गावात एका घराला गिलावा करत होता. निरोप मिळाला तसा तो सायकल हाणत आला. बायांनी तिला अंगणात निजवलं होतं. तोंडात पाणी घालायला त्याला पुढे केलं, पण त्याच्या बोटांवरचं सिमेंट अजून ओलं होतं. कोणीतरी म्हणालं, हात धुवून घे गा. तो रांजणाकडे गेला आणि तिथंच उभा राहिला. रांजण काठोकाठ भरलेला होता, आणि तो भरणारी अंगणात निजली होती.

खैरटोली हे लाखांदूरच्या सडकेपासून जरा आत शिरलेलं गाव. गावाखाली बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीखाली धानाच्या बांध्या. त्यातल्या दोन सुखरामच्या. पण शेती कुंताबाईनंच केली. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे, बाया बोलवायच्या, रोवणी, निंदण, कापणी, सारं तिच्याच अंगावर. सुखराम मिस्त्री. पंचक्रोशीत घरं बांधत फिरायचा, आणि घर उभं झालं की मालक हौसेनं म्हणायचा, मिस्त्री, दरवाजावर काही काढून द्या. मग तो सिमेंटचे मोर काढायचा, फाटकाच्या खांबांवर सिंह बसवायचा. एका गावात त्यानं केलेला मारुती आहे, दुसऱ्या गावात पाण्याच्या टाकीपाशी हरिणाची जोडी. त्या हरिणांना पाहायला साकोलीकडची माणसं थांबतात असं लोक सांगायचे, आणि ते ऐकून सुखराम मान खाली घालून थापी पुसत बसायचा.

तेरवी झाल्यावर मुलगा वीरेंद्र त्याला वरठीला घेऊन गेला. वीरेंद्र तिथल्या कारखान्यात कामाला, दोन खोल्यांत बिऱ्हाड. सून रिता वाईट नव्हती. वेळेवर ताट वाढायची, वेळेवर चहा द्यायची आणि मग दार लोटून आत बसायची. लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, त्यावरून तिचं आणि कुंताबाईचं बोलणं जवळजवळ तुटल्यासारखंच होतं. सुखराम दिवसभर ओट्यावर बसायचा. कारखान्यातून सुटलेली माणसं सायकली, मोटारसायकली घेऊन समोरून जायची, त्यातलं एकही ओळखीचं नसायचं. होळीच्या आधी तो एसटीत बसून गावी परत आला.

घरी आल्यावर कळलं की एका माणसाचा भात किती थोडा असतो. भाताचा गंज नेहमीचाच चुलीवर चढवायचा, आणि तांदूळ त्याच्या तळाशी कुठंतरी हरवून जायचा. कामावरून आल्यावर कोणी विचारत नव्हतं, तोही कोणाला काही सांगत नव्हता. आधीही तो फार बोलत नव्हताच. पण आधीचं न बोलणं वेगळं होतं. समोर कोणी ऐकायला असताना माणूस गप्प बसतो, ते गप्प बसणं त्याला आता जमत नव्हतं.

उन्हाळ्यात बांध्या भेगाळून पडल्या. एक दिवस तो धुऱ्यावर गेला. दोन बांध्यांच्या मधल्या त्या रुंद धुऱ्यावर मोहाचं झाड आहे. दुपारची भाकर खाऊन झाली की कुंताबाई त्या झाडाखाली पाय लांब करून बसायची. एक हात दुखऱ्या गुडघ्यावर, दुसरा कपाळाशी आडवा धरून सडकेकडे पाहायची. जवळपास काम असलं तर सुखराम दुपारचा तिकडे येईल असं तिला वाटायचं. तो क्वचितच यायचा. आला की लांबूनच तो आडवा धरलेला हात दिसायचा, आणि तो जवळ पोचेपर्यंत ती हात खाली घेऊन दुसरीकडे पाहायला लागलेली असायची.

त्यानं सळ्या वाकवायला घेतल्या.

कोणाला काही सांगितलं नाही. घरी उरलेली जाळी, तारा, अर्धवट पोती सायकलला बांधून तो रोज धुऱ्यावर न्यायचा. आधी सळ्यांचा सांगाडा, आत विटांचे तुकडे, वरून जाळी, मग सिमेंटचा माल. बोडीच्या तळातलं पाणी डब्यानं आणायचं. ऊन असं की थापलेला माल हात काढेपर्यंत चरचरायचा, म्हणून ओलं पोतं टाकून ठेवायचं. पाय झाले. लांब केलेले, टाचांना भेगा पडलेले पाय. गुडघ्यावरचा हात झाला. कपाळाशी धरलेल्या हाताची करंगळी तिची विळ्यानं कापून वाकडी बसली होती, तीही त्यानं तशीच वाकडी बसवली. नऊवारीचा काष्टा, पाठीवरून खोचलेला पदर, सगळं झालं. मग तोंडाशी आला आणि अडला.

मारुतीचं तोंड त्याला डोळे मिटून काढता यायचं. सिंहाचं यायचं. तिचं येईना. घरी वीरेंद्रच्या लग्नातला फोटो होता, त्यात ती नवं लुगडं नेसून अंग चोरून उभी, दुसरीच कोणी वाटावी अशी. आधार कार्डावरचा फोटो तर पोलिसांनी धरून आणलेल्या बाईचा. सुखराम माल थापायचा, दूर जाऊन पाहायचा, परत येऊन खरवडून टाकायचा. जन्मभर जिच्या हातचं खाल्लं तिच्याकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही, हे त्याला असं भर उन्हात, थापी हातात घेऊन कळलं.

शेवटी तो मनकर्णाबाईकडे गेला. मनकर्णाबाई ही कुंताबाईची मैत्रीण. दोघी एकाच सालात सुना होऊन गावात आलेल्या, रोवणीत शेजारी शेजारी वाकायच्या. म्हातारी पडवीत चिचेचे चिचोके काढत बसली होती. सुखराम बराच वेळ पावसापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला, "मनकर्णाबाई, तिचं तोंड कसं होतं, थे सांगा बरं जरा."

मनकर्णाबाईनं हातातली चिच खाली ठेवली. "जलमभर सोबत राहिले भाऊजी, अन् मले इचारता?"

"काढून राहिलो मी. जमून नाही राहिलं."

तिला धुऱ्यावरचं कानावर आलं असावं. ती हसली नाही. तिनं आपलाच ओठ डावीकडून दाताखाली धरून दाखवला. "हासू आलं का असं करे ती. पुढचा एक दात मोठा होता ना तिचा, थो दिसू नाही म्हणून."

"मले तं ती हासताना आठवतच नाही."

"तुमच्यापुढे नसन हासत," मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "रोवणीत तं सारी बांधी हासवे."

सुखराम उठून आला. दुसऱ्या दिवशी त्यानं चमच्याच्या दांडीनं ओठाचा डावा कोपरा आत दाबला, तेवढाच, आणि दूर जाऊन पाहिलं. कुंताबाई मोहाखाली बसली होती. उन्हानं डोळे बारीक केलेले, ओठ दाबलेला, काहीतरी गंमत आठवून सडकेकडे पाहत होती. सुखराम भेगाळलेल्या बांधीतच खाली बसला. रंग त्यानं दिलाच नाही. सिमेंट तसंच राहू दिलं.

वीरेंद्र सुट्टीला आला, त्यानं पाहिलं, आणि त्याचं तोंड उतरलं. लोक हसतील म्हणाला. मायचा फोटो मोठा करून घरात लावू म्हणाला, पुतळे पुढाऱ्यांचे असतात.  तसे लोक हसलेच. पोट्टे येता-जाता म्हातारीला रामराम घालायचे. पण सुखराम आता दुपारी कुठंही काम असलं तरी सायकल मारून धुऱ्यावर यायचा, डबा उघडायचा आणि तिच्या बाजूला बसून जेवायचा. जेवता जेवता त्या दिवसाचं काम सांगायचा. कुठल्या मालकानं वाळू मातीची आणली, कोणत्या मजुरानं दांडी मारली. कधी पाठ दुखली तर तिच्या खांद्याला टेकून बसायचा. खांदा दुपारी तापलेला असायचा.

मृगात पाणी बरं पडलं. पऱ्हे तरारले. मग पाणी जे गेलं ते गेलंच. आषाढ अर्धा उलटला, बांध्यांतला चिखल आटून पापुद्रे सुटले, बोडीतलं पाणी शेवाळावर आलं. रोवायला आलेले पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडायला लागले. बाया सकाळी येऊन धुऱ्यावर बसायच्या आणि दुपारी उठून जायच्या. त्यांची म्होरकी रुखमिणी. एक दिवस ती मोहाखाली आली, पुतळ्याच्या तोंडावरची धूळ तिनं पदरानं पुसली आणि आपल्या कपाळावरचं कुंकू बोटानं तिच्या कपाळाला लावलं. वर धरलेल्या हाताकडे पाहून म्हणाली, "कुंते, तू तं अभाळाकडे पाहून राहिली. तुले काही दिसत असन तं सांग ना आमाले."

ती सडकेकडे पाहते आहे, असं सुखरामच्या ओठांवर आलं होतं. पण बाया दमलेल्या होत्या, आणि रुखमिणीनं ते मायेनं म्हटलं होतं. 

त्याच दिवशी दुपार कलताना लाखांदूरकडून ढग चढले. बाया पळायच्या आत सरी आल्या. असा पाऊस की समोरची बांधी दिसेना. आणि खरोखर तो बोडीखालच्या शिवारातच पडला, सडकेपलीकडे धूळ तशीच. सुखराम भिजत मोहाखाली उभा होता. सिमेंट ओलं होऊन काळसर झालं होतं, अगदी तिच्या अंगाच्या रंगाचं. नाकावरून, हनुवटीवरून पाणी गळत होतं. रोवणीत भिजून घरी यायची तेव्हा दारात अशीच दिसायची. त्याला वाटलं आता ती लुगड्याचा पदर पिळेल.

दुसऱ्या दिवसापासून रोवणी लागली, आणि बायांनी बांधीत उतरायच्या आधी तिला हळद-कुंकू वाहिलं.

पहिले काही दिवस सुखरामला ते बरं वाटलं. मोकळी दुपार आता भरलेली असायची. बाया तिच्याशी बोलायच्या, तिच्या पायाशी पऱ्ह्याची पेंडी ठेवायच्या. घरी जाताना त्यालाही विचारायच्या, जेवले का जी. कोणी वाटीभर भाजी आणून द्यायचं. आपल्या माणसाला सगळ्यांनी ओळखावं, यात त्याला काय वाईट वाटणार होतं. पण बाया दुसऱ्या गावांतून यायला लागल्या, आणि त्यांनी कुंताबाईला पाहिलेलंच नव्हतं. त्या तिला 'पाणमाय' म्हणायच्या, पाणी आणणारी माय. मोहाच्या फांदीला झेंडा लागला. बुंध्याशी नारळाच्या शेंड्या साचल्या.

भय्याजी किराणावाले हे गावातलं मोठं माणूस, शब्दाला वजन असलेलं. त्यांचा नातू तापानं फणफणला होता, घरच्यांनी पाणमायला नवस बोलून ठेवला, पोर उठून बसलं. तेव्हापासून भय्याजी रोज अनवाणी धुऱ्यावर यायचे. माणूस खोटा नव्हता. डोळ्यांत पाणी आणून ते सुखरामला म्हणाले होते की मिस्त्री, तुमच्या हातून देवीनं स्वतःला घडवून घेतलं. नवरात्रात घट बसले तेव्हा त्यांनी शेंदूर आणला. तेलात कालवून बायांनी आणि बाप्यांनी मिळून तिला पायाच्या बोटांपासून केसांपर्यंत लिंपलं. भंडाऱ्याहून पितळी डोळे करून आणले होते, मोठे, वाटोळे, चमकणारे. ते त्या बारीक केलेल्या डोळ्यांवर मेणानं बसवले. ओठाचा दाबलेला कोपरा शेंदरानं भरून सपाट झाला. सुखराम गर्दीत मागे उभा होता. तो दोनदा पुढे झाला आणि दोनदा लोकांनी त्याला कौतुकानं पाठीवर थोपटून मागेच ठेवलं.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. तो डबा घेऊन बसला की कोणीतरी येऊन सांगायचं, मायपुढे उष्टं-खरकटं नको जी. चपला तिकडे काढा जी. एक दिवस तो सवयीनं तिच्या खांद्याला टेकला आणि त्याला डुलकी लागली. भय्याजींनी हलवून उठवलं. ते रागावले नाहीत. जवळ बसून समजुतीच्या सुरात म्हणाले, "मिस्त्री, तुमचं दुःख समजते मले. पण बायाबापड्या येतेत दर्शनाले. देवीच्या अंगाले माणसानं असं टेकून बसावं, थे दिसते का बरं?"

"माही बायको आहे थे," सुखराम म्हणाला.

"होती," भय्याजी म्हणाले.

सुखरामच्या शर्टाला खांद्यावर शेंदूर लागला होता. घरी येऊन त्यानं तो दगडावर घासला, निघाला नाही. तो शर्ट त्यानं कामावर घालणं सोडून दिलं.

पुढे भय्याजींनी सुचवलं की कपाळावरचा हात जरा समोर घ्यावा, आशीर्वादाचा करावा. देवी भक्ताकडे पाहते, डोळ्यांवर हात धरून कशी बसेल. सुखराम एवढंच म्हणाला की तो हात मी हलवणार नाही. त्यावर कोणी वाद घातला नाही. धान निसवत होतं, ओंब्या बाहेर पडत होत्या, तेव्हा तो एका शाळेच्या कुंपणाच्या कामावर दूर गेला होता. परत येऊन पाहतो तर साकोलीकडचा कोणी मिस्त्री आणून त्यांनी काम उरकून घेतलं होतं. मनगट फोडून, नवी सळी घालून हात समोर केलेला. सरळ, गुबगुबीत बोटं, तळव्यावर स्वस्तिक. करंगळीही सरळ. काम स्वच्छ होतं, सांधा कुठं दिसत नव्हता. जुन्या हाताचा चुरा धुऱ्याच्या कडेला बांधीत टाकला होता. सुखरामनं चिखलात हात घालून एक-एक तुकडा चाचपून पाहिला. वाकड्या करंगळीचा तुकडा सापडला तो त्यानं धुतला, पाहिला, आणि आणखी खोल चिखलात दाबून टाकला.

कापणी झाली. शिवार मोकळं पडलं, दुपारचं तिकडे कोणी फिरकेना. अशा एका दुपारी तो रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन गेला. आधी त्यानं पितळी डोळे उपटले. मेण तापून मऊ झालं होतं, लगेच निघाले. मग हनुवटीपासून पुसायला घेतलं. शेंदराचे थरावर थर चढले होते. चिंधी फिरवली की आधी चिकट लाल ओघळ यायचे, मग खालून हळूच राखाडी सिमेंट दिसायचं. हनुवटी निघाली. खालचा ओठ निघाला. चमच्यानं दाबलेला तो खळगा शेंदरानं गच्च भरला होता, तो त्यानं खिळ्यानं कोरून काढला. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्याला आपण रडतो आहोत हे कळलं नाही, डोळ्यांना रॉकेल झोंबतंय असंच वाटत होतं.

मागे मोटारसायकल थांबली तेव्हा त्याला पळून जावंसं वाटलं. वीरेंद्र आणि रिता आले होते. वीरेंद्र सडकेवर गाडी लावत राहिला, रिता पुढे आली. हातात नारळ, खण, ओटीचं सामान. चालताना तिनं एक हात कमरेला धरला होता, आणि सुखरामला न सांगताच समजलं. रितानं पायाशी पडलेले पितळी डोळे पाहिले, सासऱ्याचे लाल हात पाहिले, अर्धं पुसलेलं तोंड पाहिलं. सुखराम चोरासारखा उभा होता.

ती खाली बसली. ओटी समोर ठेवली. बराच वेळ त्या उघड्या पडलेल्या ओठांकडे पाहत राहिली.

"बाबा, राहू द्या आता," ती म्हणाली. "मायजी होत्या तेव्हा मी त्यायच्याशी नीट बोलली नाही. त्याबी नाही बोलल्या. आता इथं येऊन बोलून राहिली, तं बोलू द्या मले."

"पण ही थे नाही ना रिता. पाह्य बरं, हिचे डोळे असे होते का?"

"मले त्यायचे डोळे आठवत नाही," रिता म्हणाली. "मी कधी वर मान करून पाह्यलंच नाही त्यायच्याकडे."

सुखराम तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं चिंधी गुंडाळली. रितानं पदरानं त्याचे हात पुसायचा प्रयत्न केला, पदर खराब होईल म्हणून त्यानं ते मागे घेतले. वीरेंद्र येऊन उभा राहिला. त्यानं खाली वाकून पितळी डोळे उचलले, मेण अंगठ्यानं दाबून परत बसवले. एक जरा तिरका बसला. तो त्यानं नीट केला. परत जाताना रितानं सासऱ्याच्या पाया पडून सांगितलं की पाचवा लागला. सुखराम म्हणाला, खड्डे पाहून चालव म्हणावं वीरूले. आठवडाभरात हनुवटीवर पुन्हा शेंदूर चढला. कोणी पुसला होता याची गावात चर्चा झाली, पण त्याचं नाव कोणी घेतलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, कदाचित म्हणूनच घेतलं नाही.

पूस आला. वर्षश्राद्धाचं त्यानं वीरेंद्रला फोनवर विचारलं. वीरेंद्र अडखळला, भय्याजींशी बोलतो म्हणाला, आणि मग भय्याजीच घरी आले. देवीचं श्राद्ध कोणी करत नाही, म्हणाले. मायला पिंड दिला तर शिवाराला बरं होणार नाही, लोक भितात. त्यापेक्षा त्या तिथीला धुऱ्यावर मोठा महाप्रसाद ठेवू, सगळा गाव जेवेल, तुमच्या हातून आरती होईल. बोलताना त्यांनी सुखरामचा हात हातात घेतला होता. सुखराम म्हणाला, तुम्ही करा तुमचं. मले नका बोलावू.

त्या दिवशी सकाळपासून बोडीखाली भोंगा वाजत होता. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली सडकेवरून उतरत होत्या. वरठीहून वीरेंद्र आणि रिता आले ते तिकडेच गेले. रितानं जेवायला या म्हणून दोनदा निरोप धाडला. सुखराम अंगणात चूल पेटवून बसला होता. त्यानं आदल्या दिवशी वड्यांची डाळ भिजवली होती, वडे तळायला घेतले तर काही फुटले, काही कच्चे राहिले. भात केला. लाखोळीच्या डाळीचं वरण केलं. पळसाच्या पानांची पत्रावळ लावली, तिच्यात वाढलं, घराच्या मागे कुडाजवळ नेऊन ठेवली. मंत्र त्याला येत नव्हते. तो हात जोडून उभा राहिला आणि काय म्हणावं ते न सुचून तसाच परत आला.

अंगणात मनकर्णाबाई बसली होती. गाव ओस होतं, आणि ही एकटी काठी बाजूला ठेवून, पाय पोटाशी घेऊन.

"तुम्ही गेल्या नाही जेवाले?" त्यानं विचारलं.

"थ्या शेंदरीच्या पाया पडाले गुडघे वाकत नाही माहे," ती म्हणाली. "कुंताचं आहे आज. इथंच वाढा."

सुखरामनं घाईनं पत्रावळ मांडली. वाढताना भात बाहेर सांडला. म्हातारीनं तो वेचून पानात घेतला. भोंग्यावर आरती सुरू झाली होती. पाणमायचा जयजयकार वाऱ्यावर येत होता, जात होता. मनकर्णाबाईनं वरणभाताचा घास घेतला, चावला, आणि तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

"मीठ नाही टाकलं तुम्ही."

सुखराम उठायला लागला.

"बसा, बसा. तिचंबी असंच होतं," मनकर्णाबाई म्हणाली. "अर्ध्या वक्ता मीठच विसरे. अन् मले म्हणे, माहा माणूस बेस आहे वो मनकर्णा. अळणी वाढलं तं अळणी खाते, एका शब्दानं बोलत नाही. म्हणे एखाद दिवशी मुद्दाम टाकत नाही मी, पाहाले, बोलते का नाही."

 कितीतरी जेवणं सुखरामच्या डोळ्यांपुढून गेली. ताट समोर, मान खाली, आणि समोर चुलीपाशी बसून ओठ दाबून आपल्याकडे पाहणारी एक बाई, जिच्याकडे त्यानं मान वर करून पाहिलं नव्हतं. त्याला हसू आलं. ते खोकल्यासारखं बाहेर पडलं.

"मले समजलंच नाही कधी," तो म्हणाला. "मले वाटे, वरण असंच असते."

मनकर्णाबाईनं आणखी भात मागितला. त्यानं तिला वाढला, आपल्याही पानात घेतला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. घरात मीठ होतं. त्यानं ते आणलं नाही. अळणी घास तोंडात घोळवत त्यानं म्हातारीकडे पाहिलं.

"अन् आखीन काय म्हणे?"